शुक्रवारचा होकार

हार्लन
९ जानेवारी १९९५

सेल्मर,

तुझे बुटांवरचे रबरी जोडे माझ्या दारातच राहिले. राजधानीत पाय भिजवून सर्दी आणलीस तर मला बोल लावू नकोस. पोहोचल्याचा फोन केलास म्हणे. कॉरिनने मला सांगितलं, ‘मामा पोहोचला, जेवला, आता झोपतोय.’ एवढ्यासाठी ती दहा मिनिटं फोनला चिकटली होती. म्हणूनच मला फोन आवडत नाही. मधे मुलगी बसणार, अर्धं गाळणार आणि उरलेलं गोड करून मला ओठ हलवून सांगणार. माझे कान लहानपणीच्या तापात गेले, डोळे अजून शाबूत आहेत. तू लिही, मी वाचीन.

दुकानात सध्या दुसरा विषय नाही. केस वाळवायच्या यंत्राखाली बसलेल्या बाईला वाटतं की ती कुजबुजतेय, आणि मी समोरच्या आरशात तिचे ओठ वाचत असते. काल ग्लेनिस शेजारणीला म्हणाली, विमा महागला तो ह्या आरोग्य कायद्यामुळेच, यंदा सेनेट त्याचा निकाल लावणार. मी तिला पाच मिनिटं जास्त वाळवली.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तिथे गेलं की माणसं विसरतात. कॉरिन जन्मली तीच हृदयात दोष घेऊन. सात विमा कंपन्यांनी तिला नाही म्हटलं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही तो कायदा केलात, आजाऱ्याला विमा नाकारता येणार नाही असं लिहिलंत, तेव्हा एकतिसाव्या वर्षी पोरीला पहिल्यांदा विम्याचं कार्ड मिळालं. ऑगस्टमध्ये तिच्या हृदयाची झडप बदलायची आहे. कायदा रद्द झाला तर जुलैपासून ते कार्ड नुसता कागद. नाताळात माझ्या टेबलाशी बसून, माझी बटाट्याची पोळी, लेफ्सं, तिसऱ्यांदा वाढून घेत तू म्हणालास, ‘मी तिथे बसलोय तोवर त्या कायद्याला कुणी हात लावत नाही.’ मी ते ओठ नीट वाचलेत.

एक विनंती. मला तुमचे नियम समजावू नकोस. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलास, त्या पोरांनी सहन केलं. मी करणार नाही.

आर्डिस


राजधानी
१५ जानेवारी १९९५

प्रिय आर्डिस,

रबरी जोडे नवे घेतले. सर्दी तरीही झाली.

मिसेस ओपेडालच्या खाणावळीत तीच माडीवरची खोली आहे. बुधवारी उपाहारगृहात अजून मिरची घातलेली उसळ आणि दालचिनीचा गोड रोल एकत्र देतात. इथली तेवढीच एक गोष्ट अजून ठिकाणावर आहे.

हिशेब सोपा आहे. राज्याच्या सेनेटमध्ये आम्ही एकोणपन्नास सेनेटर. कायदा ठेवायचा म्हणणारे पंचवीस, रद्द करायचा म्हणणारे चोवीस. मतं समसमान पडली तर सभापती मत देतात, आणि एकोणपन्नासांबाहेरून बसवलेले सभापती त्यांचे आहेत. म्हणजे आमचं एक माणूस शिंकायला बाहेर गेलं तरी पंचाईत. आमच्यातली सगळ्यात नवी नेव्हा स्टोल्ट्झ. तू आर्टला ओळखत होतीस, तो मधमाश्या पाळणारा सेनेटर. तो शरद ऋतूत गेला आणि त्याच्या जागी त्याच्या बायकोला बसवलं. नियमांतलं तिला ओ की ठो कळत नाही. मतसुद्धा ती माझ्याकडे बघून देते, पण देते बरोबर.

माझ्या शेजारच्या बाकावर वीस वर्षं आहे तसाच रॉइस किटल आहे. त्यांच्या पक्षाचा, पण माणूस चांगला. उन्हाळ्यात आम्ही एकाच होडीत मासे धरतो, हे तुला माहीत आहेच.

नियम सांगू नको म्हणालीस, म्हणून एकच सांगतो, कारण तो मला फार आवडतो. एकदा झालेलं मतदान पुन्हा घ्या, असा ठराव सेनेटमध्ये मांडता येतो. पण तो कुणी मांडायचा? हरलेल्याने नाही. जो जिंकलेल्या बाजूने मत देऊन बसलाय त्यानेच, आणि तोही पुढच्याच बैठकीत. हरलेले रोज उठून रडू नयेत म्हणून जुन्या लोकांनी ही युक्ती केली. पस्तावा झालेल्याला एक दिवसाची मुभा. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची.

कॉरिनला सांग, मामा मतं मोजतोय.

सेल्मर


हार्लन
१२ फेब्रुवारी

सेल्मर,

तुझ्या गेल्या पत्राचं पहिलं पान वाचलं. नियमाचं दुसरं पान सुरू झालं तिथेच थांबले आणि त्यात केसांच्या पिना गुंडाळून ठेवल्या. सांगितलं होतं तुला.

समितीपुढे बोलून कॉरिन काल परत आली. जायला बसने सहा तास, यायला सहा, आणि बोलायला दोन मिनिटं. आरशासमोर उभी राहून तिने चार दिवस तयारी केली होती, मी तिचे ओठ बघून सांगायची कुठे घाई होतेय ते. तिथे समितीतला एकजण ती बोलत असताना संत्रं सोलत होता. पांढरे धागे एकेक काढून रुमालावर मांडत होता, म्हणाली. दोन मिनिटं झाली तशी अध्यक्षाने लाकडी हातोडी आपटली. तिचं वाक्य ‘माझं हृदय’ इथेच तुटलं. मग अध्यक्ष म्हणाला, धन्यवाद, पुढचे कोण.

तू त्या समितीत नाहीस, हे मला माहीत आहे. तरी माझा राग तुझ्यावरच निघतो, कारण त्या इमारतीत माझा म्हणावा असा तूच एक आहेस.

नेव्हा तिला बाहेर भेटली, कॉफी पाजली आणि बसपर्यंत सोडायला आली. तुमची ती नेव्हा मला आवडते. तिच्या गावाचा रस्ता आमच्या हार्लनवरूनच जातो. जाता-येता थांब म्हणून कळवलं होतं, तर गेल्या पंधरवड्यात खरंच थांबली. मी तिचे केस कापले. पैसे घेतले नाहीत. पुढच्या वेळी ती मध आणणार आहे.

आर्डिस


राजधानी
२६ फेब्रुवारी

आर्डिस,

आधी चांगली बातमी लिहायला बसलो होतो. मंगळवारी समितीने ते रद्द करायचं विधेयक हाणून पाडलं. संत्रं सोलणाऱ्यानेसुद्धा आमच्या बाजूने मत दिलं, कॉरिनला सांग. दोन मिनिटं वाया गेली नाहीत.

ते पत्र टाकायच्या आतच फाडलं. गुरुवारी त्यांनी सुरुंग लावला. इथे त्याला सुरुंगच म्हणतात. समितीने मारलेलं विधेयक सेनेटने बहुमताने समितीच्या हातून ओढून थेट सभागृहात आणायचं. आमचे दोघे म्हणाले, चर्चा व्हायला काय हरकत आहे, लोकशाही आहे. चर्चेसाठी मत दिलं आणि मेलेलं विधेयक उठून बसलं. मी त्या दोघांना जिन्यात गाठून इतका बोललो की माझा घसा बसला. दोघांनी शपथेवर सांगितलं की शेवटच्या मतदानात आम्ही कायद्याच्याच बाजूने आहोत. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. अक्कल नाही, पण खोटे नाहीत.

दोन वर्षांतून एकदा आम्ही इथे जमतो, आणि त्यातले दोन महिने एकाच कागदाला मारायचं, उठवायचं, परत मारायचं. कधी कधी वाटतं, वर्गात बरा होतो.

सेल्मर


राजधानी
१६ मार्च, गुरुवार

आर्डिस,

घाईत लिहितोय. नेव्हाची आई वारली. अंत्यविधी शनिवारी, पार पूर्वेकडे. नेव्हा काल निघाली आणि आज सकाळी त्यांनी विधेयक उद्याच, शुक्रवारी, मतदानाला लावलं. बाईचं अजून रडून झालं नाही आणि ह्यांनी तिची रिकामी खुर्ची मोजून घेतली.

पण घाबरू नकोस. आमच्यात जुनी रीत आहे, तिला जोडी म्हणतात. इकडचा एक घरच्या मृत्यूमुळे नसेल तर तिकडचा एक मत न देता बसून राहतो. दोन्हीकडचा एकेक कमी, भांडण बरोबरीचं. कुठल्याच नियमात ती लिहिलेली नाही, पण अंत्यविधीसाठी कुणी नाही म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. रॉइसला विचारलं. तो लगेच म्हणाला, ‘सेल्मर, हे विचारावं लागतं का?’ हातात हात दिला. म्हणजे उद्या चोवीसला तेवीस, आणि कायदा राहतो.

नेव्हाला निघताना मी एवढंच सांगितलंय की काही झालं तरी सोमवारी सकाळी दहाला खुर्चीत हवीस.

रविवारी छान झोप.

सेल्मर


हार्लन
१८ मार्च, शनिवार

सेनेटरसाहेब,

तुमचं ‘घाबरू नकोस’ हे पत्र आणि आजचं वर्तमानपत्र पोस्टमनने एकाच वेळी हातात दिलं. पत्र आधी वाचलं. मग वर्तमानपत्र.

आरोग्य कायदा रद्द. पंचवीस विरुद्ध तेवीस. खाली सगळ्यांची नावं, त्यात तुझं. ‘ब्रेक्के, हार्लन: होय.’

मी चष्मा पुसून परत वाचलं. छपाईची चूक असेल म्हणून ग्लेनिसच्या घरचा पेपर मागवला. त्यातही होय. ‘नाही’ म्हणायचं नव्हतं तर गप्प तरी बसायचास, आजारी पडायचास. होय कशाला? काय दिलं त्यांनी तुला? की उन्हाळ्यात रॉइसबरोबर पुन्हा एका होडीत बसायचं होतं?

दुपारी दुकानात तिघी होत्या. तिघींनी मला आरशात बघून तोंडं बंद केली. माझ्यासमोर आजवर कुणी तोंड बंद केलं नव्हतं.

कॉरिन शहरात आहे, हृदयाच्या तपासण्यांसाठी. सोमवारी संध्याकाळी येईल. तिला हे मी सांगायचं आहे. तू नाही सांगणार, मी सांगायचं. तू फोन करू नकोस म्हणून लिहितेय. ह्या घरात तुझं नाव नको.

आर्डिस लुंड


राजधानी
२० मार्च, सोमवार

आर्डिस,

तू मला काय काय म्हणाली असशील ते सगळं मी स्वतःला म्हणून घेतलंय. आता नीट सांगतो, कारण आता सांगायला बंदी नाही. बंदी उठली म्हणजे सगळं संपलं, हेही आलंच.

शुक्रवारी कारकून नावं पुकारत होता. ‘किटल’ आलं. रॉइसने गप्प बसायचं होतं. तो म्हणाला, ‘होय.’ माझ्याकडे न बघता. त्याच्या भागातला पूल त्यांनी अडवून धरला होता, हे नंतर कळलं. म्हणजे झाले चोवीसला चोवीस, आणि सभापती ओठ पुसत तयारच होते. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की आमच्यातला एकही माणूस जिंकलेल्या बाजूला नाही. आम्ही सगळे स्वच्छ हात घेऊन हरणार आणि सोमवारी नेव्हा परत आली तरी पुन्हा मतदान मागायला तोंड उरणार नाही. निकाल वाचायच्या आत मी उठलो आणि माझं मत बदलून ‘होय’ म्हटलं. सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली. माझ्या पाठीमागून आमच्याच एकीने ‘थू’ म्हटलं. मी मान खाली घालून बसलो. मनात मोजत होतो: सोमवारी नेव्हा आली की आम्ही पंचवीस, ते चोवीस. मी उठणार, फेरविचार मागणार, आणि शुक्रवार पुसला जाणार.

कुणालाही सांगायची सोय नव्हती. त्यांना नुसता वास जरी लागला असता तरी त्यांनी शनिवारीच बैठक बोलावली असती, नेव्हा आईला पुरत असताना. वार्ताहराने विचारलं, मत का बदललं. मी म्हटलं, विचार बदलला. तुलाही कळवलं नाही. रॉइसची मेहुणी तुझ्याकडे केस सेट करून घेते, हे माझ्या डोक्यात होतं.

काल दुपारी मात्र राहवलं नाही. वादळाची बातमी होती. नेव्हाच्या घरी फोन लावला, तिचा मुलगा म्हणाला, आई निघाली, रस्ता वाईट असेल तर हार्लनला तुमच्या बहिणीकडे थांबेल. मग तुझ्याकडे लावला. सात-आठ वेळा लावला. कुणी उचलला नाही. कॉरिन घरात असती तर उचलला असता, म्हणजे वादळात तुमची लाइन गेली असणार असं धरून चाललो.

आज सकाळी मी उठून ठराव मांडला. रॉइसने डोळे मिटले. त्याला कळलं, सगळ्यांनाच कळलं. शुक्रवारी ‘थू’ म्हणालेली रडायला लागली. नावं पुकारली. चोवीस, चोवीस. नेव्हाची खुर्ची रिकामी. सभापतींनी घड्याळाकडे पाहिलं आणि मत दिलं.

ती दुपारी दोनला आली. मी विचारलं, कुठे होतीस. म्हणाली, ‘रस्ता बंद होता.’ मी महामार्ग पोलिसांना विचारलं. हार्लनपासून रस्ता पहाटेच मोकळा झाला होता. मी तिला पुन्हा विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा तेच म्हणाली. तिच्या भागातल्या विमेवाल्यांनी तिला गाठलं, दुसरं काय. मी तिला सगळ्यांसमोर बोललो. आर्टचं नाव काढून बोललो. म्हटलं, तो असता तर पायी चालत आला असता. तिने ऐकून घेतलं.

फेरविचार एकदाच मागता येतो. राज्यपाल शुक्रवारी सही करतील.

कॉरिनला काय सांगू? तूच सांग, मी काय सांगू.

सेल्मर


हार्लन
२४ मार्च

सेल्मर,

तुझं पत्र काल आलं. संपूर्ण वाचलं, नियमांसकट. मग पिना ओट्यावर ओतल्या आणि जानेवारीचं ते दुसरं पानही वाचलं. जिंकलेल्या बाजूचा माणूसच मागू शकतो. तू मला दोन महिने आधी सांगितलं होतंस. वर्गातली पोरं आणि मी सोडून दुसऱ्या कुणाला तू इतकं स्वच्छ सांगितलं नसशील.

नेव्हा खोटं बोलली. रस्ता बंद नव्हता. ती माझ्याकडे होती.

रविवारी दुपारी आली तेव्हा तिच्या गाडीच्या काचेवर बर्फ वितभर होता. आई गेल्यापासून चार रात्री झोपली नव्हती. मी तिला बटाट्याचं सूप दिलं. तिने शुक्रवारचं रेडिओवर ऐकलं होतं, तिला काही कळत नव्हतं. मला म्हणाली, ‘सेल्मर असं कसं करेल? काहीतरी असेल.’ मी म्हटलं, काही नाही, तो विकला गेला. माझा भाऊ आहे, मला माहीत.

मग दिवा लागला. तूच बसवलेला, फोन वाजला की लुकलुकणारा. तिला घंटाही ऐकू येत होती. तिने विचारलं, ‘उचलू का?’ मी म्हटलं, ‘नको. त्याचाच असणार. ह्या घरात तो माणूस नको.’ दिवा थांबला. परत लागला. ती प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायची आणि मी सूप ढवळत राहायची. मला ऐकू येत नाही, पण दिवा मी पूर्ण वेळ पाहत होते. किती वेळा लागला ते तू लिहिलंसच.

जेवताना ती म्हणाली, पहाटे निघायला हवं, सेल्मरने सोमवारी दहाला खुर्चीत बोलावलंय. मी म्हटलं, ते तो शुक्रवारच्या आधी म्हणाला होता, आता तिथे काय उरलंय, झोप. कॉरिनच्या पलंगावर तिला झोपवलं, वर रजई घातली. ‘पाचला उठव’ म्हणाली. तिला गजर नको, मी उठवते म्हटलं.

पाचला मी तिच्या दाराशी गेले. ती मुलीसारखी गाढ झोपली होती. मला तिची दया आली, हे खरं. आणि तू तिथे एकटा बसावास, ज्यांच्याबरोबर मत दिलंस त्यांच्यातच बसावास, असं वाटलं, हेही खरं. ह्यातलं जास्त कुठलं ते मला विचारू नकोस. दार लावून घेतलं. ती साडेनऊला आपणहून उठली.

निघताना तिने रजईची घडी करून पलंगावर ठेवली. तुला येऊन ‘रस्ता बंद होता’ म्हणाली आणि तू सगळ्यांसमोर तिच्या मेलेल्या नवऱ्यावरून तिला बोललास, तरी माझं नाव घेतलं नाही. इतक्या वर्षांत माझ्या दुकानात एकही गोष्ट कुणी झाकली नाही, आणि ही बाई दोनदा केस कापून घेऊन गेली तर तिने मला झाकलं.

आता तू हे पत्र घेऊन तिच्याकडे जा. तिला वाचायला दे. मग तिची माफी माग, तीही सगळ्यांसमोर. माझ्या वाटची तू मागू नकोस. ती मी मागेन, ती परत येईल तेव्हा, ती आली तर.

कॉरिनला मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. तिने तपासण्यांचे कागद काढले. मग शहरात फोन करायला गेली. डॉक्टर म्हणतात, ऑगस्टपर्यंत थांबायचं होतं ते तिची ताकद वाढावी म्हणून. कार्ड चालतंय तोवर करायचं तर जूनमध्ये करावं लागेल, आणि जूनमध्ये धोका जास्त आहे. किती जास्त ते तिने मला सांगितलं नाही. ह्या खेपेला तिने गाळलं, आणि मी विचारलं नाही.

रागाने मी आंधळी झाले रे सेल्मर. बहिरी होतेच.

आर्डिस


राजधानी
२९ मार्च

आर्डिस,

तुझं पत्र नेव्हाला दिलं. तिने ते तिच्या बाकावर बसून वाचलं, मी शेजारी उभा होतो. वाचून घडी घातली आणि म्हणाली, ‘तिला सांग, सूप छान होतं. मध गाडीतच राहिला, तो मी जाताना देईन.’ म्हणजे ती येणार आहे.

सकाळी बैठक सुरू व्हायच्या आधी मी परवानगी मागून उभा राहिलो आणि सभागृहासमोर तिची माफी मागितली. का, ते सांगितलं नाही. इतिवृत्तात एवढंच येईल की सेनेटर ब्रेक्के यांनी सेनेटर स्टोल्ट्झ यांची क्षमा मागितली. त्याच इतिवृत्तात बारा दिवस आधीच्या पानावर माझं ‘होय’ आहे. ते तिथेच राहणार. पुढच्या निवडणुकीत आमच्याच गावचा कुणीतरी ते पान फडकवत माझ्याविरुद्ध उभा राहील आणि मला त्याला उत्तर द्यायला अर्धा तास लागेल. अर्धा तास कुणी ऐकत नाही. ग्लेनिसच्या नवऱ्याचं ठरलंय असं ऐकतो.

रॉइस रोज सकाळी माझ्या बाकावर गोड रोल ठेवतो. मी तो तसाच राहू देतो. मी जागा बदलून मागितली आहे.

आता तुझं. आंधळी, बहिरी हे पुरे कर. माझा हिशेब ऐक, नियम नाही, हिशेब. माझ्या हातात शुक्रवारची संध्याकाळ होती. मला दोन माणसांवर भरवसा ठेवायचा होता. मी रॉइसच्या हातावर ठेवला आणि तुझ्या तोंडावर ठेवला नाही. मला वाटलं, तुझ्या दुकानात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत जिल्हाभर होते. चार ओळी लिहून टाकल्या असत्या, ‘आर्डिस, जे वाचशील त्यावर विश्वास ठेवू नकोस, तोंड बंद ठेव,’ तर तू पिना गिळून बसली असतीस. मला माहीत आहे. तेव्हाही माहीत असायला हवं होतं. साठ वर्षं तुला ओळखतो आणि मतं मोजताना तुला मोजलं नाही.

जूनमध्ये मी येतोय. अधिवेशन एप्रिलअखेर संपतं. कॉरिनबरोबर शहरात मी राहीन, तू दुकान बंद करून ये किंवा नको येऊस, पण तिला एकटीने बसने जाऊ देऊ नकोस. डॉक्टरांना किती जास्त ते मी विचारेन. कुणीतरी विचारायलाच हवं, आणि मग मी ते तुला लिहीन, सगळं, न गाळता.

रविवारी जेवणानंतर फोन करतो. कॉरिन बाहेर गेली असली तरी दिवा लागला की तू उचल. तुला ऐकू येणार नाही, मला ठाऊक आहे. उचलून कानाला नुसता धर. मी बोलेन.

तुझा,
सेल्मर